मैयाची मोहर

चढावाच्या वळणावर सकाळपासून रांग होती. ऐंशीच्या दशकात मदन महलच्या टेकड्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर जीपा आणि स्कूटर धूर ओकत चढत. तिथल्या खड्ड्यातली काळपट माती माटीवाले महाराज मैयाचा, म्हणजे देवीचा, प्रसाद म्हणून चिमूटचिमूट वाटत. ती रोज खाल्ली की काहींच्या हिरड्यांवर निळीकाळी रेघ उमटे.

‘देखो, मैया की मोहर लग गई!’ महाराज गर्जत. ‘अब यमराज भी लौट जाएगा! हम तो बीस साल से यही खा रहे हैं!’

रांगेत खालच्या गढा वस्तीतली शरयू होती, कडेवर पाच वर्षांची ज्योती. पोरगी अशक्त, म्हणून माती सुरू केलेली. रेघ उमटली तेव्हा शरयूने गल्लीभर पेढे वाटले होते. पुढे ज्योतीचं पोट दुखू लागलं, चालताना तोल जाऊ लागला.

‘काहून देऊन राहिली ती माती?’ नवरा गुणवंत म्हणाला होता. ‘डॉक्टरला दाखवू.’

‘मोहर लागली न हो. आता सोडली तर मैया कोपेल.’

आज रांगेतच ज्योतीला झटका आला. हातपाय ताठले, तोंडाला फेस आला. ‘मैया आई है!’ महाराज ओरडले. बायका हात जोडून पुढे आल्या, कुणी पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. शरयूला मात्र तिचे निळे पडलेले ओठ दिसले. पोरीला छातीशी धरून ती रिक्षाकडे धावली.

दवाखान्यात डॉक्टर विभावरींनी ज्योतीचा ओठ उचलला. ‘हिला काय खाऊ घालत होता?’

शरयूने पदरातली पुडी सोडली.

‘ही मोहर नाही, बाई. शिसं आहे. पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते धुरातून कडेच्या मातीत मुरतं. वर टेकडीवर भंगारवाले जुन्या बॅटऱ्याही फोडतात. पावसानं सगळं वाहून त्याच खड्ड्यात येतं. पोटातून ते रक्तात जातं, आणि हिरडीपाशी तोंडातल्या गंधकाशी मिळून काळं पडतं.’

इलाज सुरू झाला, पण विष मेंदूपर्यंत पोचलं होतं. ज्योती वाचली नाही.

ज्योतीचे दिवस झाले तशी शरयू विभावरींना घेऊन वळणावर गेली. विभावरींनी एका ग्लासात अंगणातली माती घातली, दुसऱ्यात खड्ड्यातली. दोन्हींत सिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतून पाणी गाळलं आणि गंधकाच्या औषधाचे थेंब टाकले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. पहिलं पाणी तसंच राहिलं. दुसरं काळं झालं, हिरडीवरच्या रेघेसारखं.

‘ये सब जादू-टोना है!’ महाराज म्हणाले.

‘महाराज,’ शरयू शांतपणे म्हणाली, ‘आप तो बीस साल से खा रहे हैं न? आपकी मोहर दिखाइए.’

‘पागल औरत!’ महाराज भडकून ओरडले, आणि त्या उघड्या तोंडात पुढच्या सगळ्यांना दिसल्या गुलाबी, स्वच्छ हिरड्या.

‘खुद तो खाता ही नहीं!’ गर्दीतून कुणी म्हणालं. हळूहळू पुड्या जमिनीवर पडू लागल्या. एक बाई मात्र पुडी घट्ट धरून होती.

‘पण ताई, माझ्या पोराला बरं वाटून राहिलं.’

‘मलाही तसंच वाटलं होतं,’ शरयू म्हणाली. ‘वाटण्यावर जाऊ नका, ताई. रक्त तपासून घ्या. तपासलं तर मैया कोपत नाही. नाही तपासलं तर काय होतं, ते मी पाहून बसले.’

बाईने पुडी टाकली. शरयू तिच्या पोराचं बोट धरून उतार उतरू लागली, दवाखान्याच्या दिशेने.