एकोणीस वर्षांचं शून्य

हार्लन ग्रोव्ह कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानाकडे जाणाऱ्या बोळात एक काळी पाटी होती. वर रंगाने लिहिलेलं ‘नियमभंग’, आणि खाली खडूने ‘१९ वर्षं : ०’. दर जूनमध्ये कोच मर्ल ओबरहोल्ट स्वतः शिडीवर चढायचे, वर्षांचा आकडा पुसून नवा घालायचे आणि शून्याला हातही न लावता खाली उतरायचे. इतर कॉलेजांच्या बोळात करंडक असतात. हार्लन ग्रोव्हकडे करंडक दोनच, त्यातला एक सभ्य वर्तनाचा. त्यामुळे सगळी मिजास त्या शून्यावर होती. इंडियाना राज्यात कुणी कोच लबाडीत सापडला, की गावातली माणसं नाक वर करून म्हणायची, “आमच्याकडे बघा.”

हे शून्य राखण्याचं काम लोरेटा फिंचचं. खेळाडूने कुणाकडून काय घ्यावं, किती विषयांत पास व्हावं, कोण मैदानात उतरायला पात्र आणि कोण नाही, याचं चारशे पानी नियमपुस्तक तिला तोंडपाठ होतं. पोरं तिला नियमबाई म्हणायची. तिला ते आवडायचं, पण तसं ती दाखवायची नाही.

मार्च संपत आला होता आणि लोरेटा दिवस मोजत होती. सोमवारी बदलीची यादी उघडणार होती. कॉलेज सोडून दुसरीकडे खेळायचं ज्याच्या मनात असेल, त्याने लोरेटाला सांगायचं आणि लोरेटाने दोन दिवसांत त्याचं नाव संगणकावरच्या यादीत घालायचं. ‘नाही’ म्हणायची सोय नाही. आणि गावाचा प्राण अडकला होता टायरीस पेटवेमध्ये. अलाबामाच्या पार दक्षिणेकडून आलेला सहा फूट दहा इंचांचा हा पोरगा डाव्या हाताने असा चेंडू सोडायचा, की म्हाताऱ्या बायकाही हातातलं विणकाम खाली ठेवायच्या. त्याची अजून दोन वर्षं बाकी होती. तो गेला तर हार्लन ग्रोव्हकडे उरणार फक्त सभ्य वर्तन.

बुधवारी दुपारी लोरेटा नेडीनच्या हॉटेलात जेवायला गेली. नेडीनने समोर टेंडरलॉइन सँडविच ठेवलं. पावाच्या चारी बाजूंनी तळलेलं मांस ताटाबाहेर लोंबत होतं.

“तुझा उंच पोरगा आला होता गं रविवारी,” नेडीन टेबल पुसत म्हणाली. “कोपऱ्यात बसला होता. सोबत एक जांभळ्या कोटातला मनुष्य. केसांना इतकं तेल, की माझी कढई लाजेल.”

लोरेटाचा घास हातातच राहिला. “जांभळा? छातीवर वेस्टमार्कचं चिन्ह?”

“चिन्ह कसलं, परातच होती ती. चिप म्हणून सांगितलं त्याने. चिप रँडल. तासभर बोलत होता. बोलला तोच, पोरगा नुसता खात होता.”

वेस्टमार्क म्हणजे वीस हजार खुर्च्यांचं मैदान आणि स्वतःचं विमान. चिप रँडल तिथला दुय्यम कोच. यादीत नाव येण्याआधी दुसऱ्याच्या खेळाडूशी चकार शब्द बोलायचा नाही, असा साधा सरळ नियम. लोरेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पैसे कुणी दिले?” तिने सवयीने विचारलं.

“जांभळ्याने आपल्या कॉफीचे दिले. टायरीसकडून मी कशाला घेऊ? पोर किती खेळलं यंदा! सँडविच दिलं आणि एक मिल्कशेक. माझ्याकडून.”

“नेडीन! मैदानातल्या चाळीस खुर्च्या तू देणगी दिल्यास ना?”

“मग? त्यावर बसूनच तर बघते मी.”

“देणगीदाराने खेळाडूला फुकट खायला घालायचं नसतं गं बाई!”

नेडीनने तिच्याकडे असं बघितलं, जणू लोरेटाला ताप चढलाय. “सँडविचसुद्धा नाही?”

“सँडविचसुद्धा नाही.”

“तुम्ही लोक आजारी आहात,” नेडीन म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली.

लोरेटा तडक कोचच्या खोलीत गेली. मर्ल ओबरहोल्ट खिडकीशी उभं राहून रिकाम्या मैदानाकडे बघत होते. जांभळ्या कोटाची हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पार्किंगमध्ये गाडी बघितली मी त्याची.”

“मग तक्रार करा ना!”

“लोरेटा, एक कोच दुसऱ्या कोचची चुगली करत नाही. आजवर केलेली नाही. उद्या राज्यात कोणी माझ्याशी हात मिळवणार नाही.”

“म्हणजे तो घरात शिरून पोरगा पळवणार आणि तुम्ही दार धरून उभे राहणार?”

“पोरगा म्हणजे काय कपाट आहे पळवायला? जायचं असेल तर जाईल.” एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. टायरीसचा डावा हात त्यांनीच घडवला होता, दोन वर्षं, रोज पहाटे सहाला. लोरेटाला त्यांची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला.

संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. दुसऱ्याची चुगली करायची नाही, हा कोच लोकांचा कायदा. पण स्वतःची? नियमपुस्तकात तर स्वतःचा दोष स्वतः कळवणाऱ्याचं तोंड भरून कौतुक होतं. मोठी कॉलेजं वर्षाला पंधरा-वीस बारीकसारीक चुका आपण होऊन खेळ-मंडळाच्या वरच्या कार्यालयाला अर्जाने कळवतात आणि साळसूद दिसतात. आणि त्या अर्जाचा सातवा रकाना होता: ‘प्रसंगी हजर असलेल्या सर्व व्यक्तींची नावे, हुद्दे व हजर असण्याचे कारण.’

लोरेटाने अर्ज काढला. गालातल्या गालात हसत तिने तो भरला. दोष कुणाचा? आमचा. कोणता? देणगीदाराने खेळाडूस एक टेंडरलॉइन सँडविच व एक मिल्कशेक फुकट दिले. मिल्कशेकवर क्रीम होतं का? होतं, वर चेरीही होती. हजर कोण? श्री. चिप रँडल, दुय्यम कोच, वेस्टमार्क विद्यापीठ. हजर असण्याचे कारण? इथे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘आम्हांस कल्पना नाही. कृपया त्यांना विचारावे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचनी अर्ज वाचला. दोनदा वाचला.

“एकोणीस वर्षांचं शून्य,” ते म्हणाले, “सँडविचपायी घालवू?”

“सँडविच आणि मिल्कशेक.”

“तू मला फसवून चुगली करायला लावते आहेस.”

“मी कुणाचीही चुगली करत नाहीये. आपला दोष आपण सांगतोय. नेडीनने फुकट दिलं, हे खरं की खोटं?”

“खरं.”

“मग सही केली नाहीत, तर ते शून्य खोटं. खोट्या पाटीखालून रोज मान वर करून जाणार का तुम्ही? प्रामाणिकपणा म्हणजे काय नुसता खडू आहे?”

शेवटचं वाक्य तिला फारच छान जमलं होतं. रात्री आरशासमोर म्हणून बघितलं होतं तिने.

कोचनी अर्ज बाजूला ठेवला. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि एक पिवळा पडलेला कागद तिच्यासमोर ठेवला. दुकानाची पावती होती. पुरुषांचा लोकरी कोट, हिरवा, सर्वांत मोठं माप. तारीख अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीची. खाली नाव: एल. फिंच.

लोरेटाचे कान तापले.

त्या जानेवारीत दक्षिणेतल्या उबदार लुइझियानाहून लमार नावाचा पोरगा आला होता, अंगात पातळ जाकीट. पारा शून्याच्या खाली गेलेला आणि तो दात वाजवत वसतिगृहातून मैदानावर यायचा. कॉलेजच्या माणसाने खेळाडूला कपडा देणं म्हणजे स्वच्छ नियमभंग, हे लोरेटाहून जास्त कुणाला ठाऊक? तिने कोट घेतला, खेळाडूंच्या खोलीतल्या खुंटीला अडकवला आणि पळून गेली. लमार गेला, कोट राहिला. पुढे दक्षिणेतून जो जो पोरगा आला, त्याने तो घातला. दोन हिवाळे झाले, टायरीस घालत होता. बोळात तो कोट समोरून आला, की लोरेटा भिंतीवरच्या सूचना वाचू लागायची.

“आतल्या खिशात राहिली होती,” कोच म्हणाले.

“अकरा वर्षं ठाऊक होतं तुम्हाला?”

“अकरा वर्षं त्या पाटीखालून मान खाली घालून जातोय मी. लोकांना वाटतं, किती नम्र माणूस!”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मीही त्या पोराकडे बघत होतो आणि माझी हिंमत झाली नव्हती. तुझी झाली.” त्यांनी पेन उघडलं. “सही करतो. पण मग कोटाचंही लिही. नुसत्या सँडविचवर मी सही करणार नाही.”

आपण खणलेल्या खड्ड्यात आपणच कमरेपर्यंत उभ्या आहोत, हे लोरेटाला कळलं. ती मुकाट्याने दुसरा अर्ज घेऊन आली. दोष कुणाचा? या रकान्यात तिने पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं. कोचनी दोन्ही अर्जांवर सही केली, शिडी काढली आणि शून्य पुसून तिथे ‘२’ लिहिलं. उतरल्यावर ते दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

“बरं दिसतंय,” ते म्हणाले. “माणसांचं वाटतंय.”

नियमाप्रमाणे अर्जांची प्रत टायरीसला गेली. शुक्रवारी तो दारात वाकून आत आला. कोट अंगात होताच. हातात पहिला कागद तेवढा उघडा, दुसरा घडीतच.

“मिस लोरेटा, हे तुम्ही लिहिलंत?”

“मी लिहिलं. सँडविचची किंमत अन्नछत्राला देऊन टाक, पावती आण, म्हणजे तुझ्या खेळण्याला कुठेच अडथळा नाही. इथेही नाही, दुसरीकडेही नाही. ते आधी बघूनच लिहिलंय.”

“तो चिप आणि मी काय बोललो, ते काढायला लिहिलंत. मी जाऊ नये म्हणून.”

नियमपुस्तकातली चार कलमं तिच्या जिभेवर आली होती. ती तिने गिळली.

“हो,” ती म्हणाली. “जाऊ नयेस असं वाटतं मला. फार वाटतं. पण तुला न विचारता तुझं नाव वापरलं, ते चुकलंच माझं.”

टायरीस दाराकडे वळला. कागद खिशात कोंबून निघून गेला. शून्यही घालवून बसले आणि पोरगाही, असं म्हणत लोरेटाने त्या दुपारी स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या.

सोमवारी यादी उघडली. त्याच दिवशी चिप रँडलचा फोन आला.

“बाई, तुम्ही माझी तक्रार केलीत! सहा आठवडे मला एकाही खेळाडूला फोन करायची बंदी घातलीय!”

“तुमची? छे! मी आमची तक्रार केली. तुम्ही फक्त सातव्या रकान्यात होता.”

“तरी आमचा शब्द कायम आहे त्या पोराला. माझ्याऐवजी दुसरा बोलेल, एवढंच!”

“अवश्य. यादीत नाव आल्यावर.” फोन ठेवताना तिला थोडं बरं वाटलं, पण थोडंच. शब्द कायम होता.

मंगळवारी वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं: ‘दोन्ही दोष किरकोळ. एकोणीस वर्षं तुमच्याकडून काहीच न आल्याने इथे सर्वांना तुमचा दाट संशय होता. तो आता मिटला. प्रश्न एकच: कोट सध्या कुठे आहे?’ लोरेटाने उत्तर टाइप केलं, ‘वापरात आहे.’ मग तिला खात्री वाटेना, म्हणून ते पाठवायचं राहूनच गेलं.

बुधवार गेला. गावात नेडीनने भिंतीवर पाटी लावली, ‘बास्केटबॉलपटूंनी पैसे द्यावेत, बाकीच्यांनीही द्यावेत.’ कोच रोज पहाटे सहाला मैदानावर जात आणि एकटेच परत येत. विचारायची सोय नव्हती.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. टायरीस होता. हिरवा कोट त्याच्या अंगात नव्हता, नीट घडी करून हातावर होता.

लोरेटाने कोटाकडे बघितलं आणि समजायचं ते समजली. वेस्टमार्कला थंडी नसते. ती सरळ बसली, संगणकावर यादी उघडली आणि आवाज शक्य तितका कोरडा ठेवत म्हणाली, “पूर्ण नाव सांग. आडनाव आधी.”

टायरीसने अन्नछत्राची पावती टेबलावर ठेवली. पावतीवर कोट ठेवला. कोटावर खिशातून काढून एक मोठं काळं बटण ठेवलं.

“दुसरा कागद काल वाचला मी,” तो म्हणाला. “मला वाटायचं, हा कोट कॉलेजचा आहे.”

लोरेटा यादीकडेच बघत राहिली. अक्षरं तिला नीट दिसत नव्हती.

“वरून दुसरं बटण तुटलंय, मिस लोरेटा. पुढच्या हिवाळ्याच्या आत लावून द्याल? का तेही कळवावं लागेल?”

लोरेटाने यादी बंद केली. खणातून सुईदोरा काढला. दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या.

“कळवावं लागेल तर,” ती नाक ओढत म्हणाली. “बस खाली. आणि बोळातून जाताना कोचना सांग, शिडी काढा म्हणावं.”