राबातली वाघाटी

वाघाटी या रानमांजरावर मी मिळेल ते वाचलं आहे. पाहिली मात्र कधीच नव्हती. माझा पेणचा मित्र निसीम याने पाहिली होती, फोटोही काढला होता. भेटला की मोबाइल पुढे करायचा. "घरच्या मांजराएवढीच, पण चाल बघ!" मी कौतुक करायचो आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही.

होळीनंतर एका सकाळी वरसे गावामागे फिरताना हैबतरावांच्या शेतात थबकलो. भाताची रोपं टाकायच्या जागी त्यांनी राब रचला होता. वाळक्या फांद्या, पाला, शेण, सगळं जाळण्यासाठी. त्याखाली दोन पिल्लं होती. अंगावर ठिपके, डोळ्यांपासून कपाळावर चढलेले पांढरे पट्टे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पहिला विचार आला, निसीमला कळता कामा नये.

तेवढ्यात हैबतराव आले. "सरा बाजूला गुरुजी, उद्या राब भाजायचाय."

"आत वाघाटीची पिल्लं आहेत."

ते हसले. "पुस्तकातली का? मांजराची असतील. काठीनं ढोसली की पळतील."

"डोळे आत्ताच उघडलेत हो त्यांचे. असं... मला वाटतं."

"वाटतंय ना? निसीमभाई बोलले तर थांबीन. त्यांनी बघितलीय."

घरी आलो. निसीमचा नंबर लावला, तोडला, परत लावला.

तो मिळेल त्या गाडीने आला आणि पाल्यावर ओणवा होऊन ओरडला, "वाघाटीच!" हैबतरावांनी राब तसाच ठेवला. संध्याकाळपर्यंत गावात ती निसीमभाईंची पिल्लं झाली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटाच गेलो. माणसांचा वावर वाढला की आई पिल्लं हलवते, हे वाचलेलं होतं. ती आली. एक पिल्लू मानेला धरून बांध ओलांडून करवंदीच्या जाळीत शिरली. परतली, दुसरं उचललं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

थोड्या वेळाने निसीम स्टूल आणि कॅमेरा घेऊन आला. "आज आई दिसणारच!"

"दिसेल की," मी म्हटलं. "दम धर."

दुपारपर्यंत तो उन्हात रिकाम्या राबासमोर बसला. मी त्याला पाणी नेऊन दिलं. दोनदा.

संध्याकाळी हैबतरावांनी विचारलं, "गुरुजी, भाजू का आता?"

"निसीमला विचारा," मी म्हटलं.