बिनधुराचा बंब

अन्फिन दुकानात शिरला तो ज्युनिपरच्या डहाळ्यांचं पोतं खांद्यावर घेऊनच. दारातल्या पायपुसण्यावर त्या डोंगरी झुडपाची सुयांसारखी हिरवी पानं सांडली. गल्ल्यामागची सिल्ये, म्हणजे दुकानदाराची सून, त्याच्याकडे बघतच राहिली.

"बंब बघायचेत," तो म्हणाला. "पाणी तापवायचे. विजेवरचे, मोठे."

"आणि हे पोतं कशाला?"

"त्यात मावतं का ते बघायला."

घरी बिअर करणाऱ्यांना लागणारं सामान विकणारं ते दुकान. अन्फिनला आजवर त्याची पायरी चढावी लागली नव्हती. जव त्याच्या स्वतःच्या शेतातले. खमीर आईने जपलेलं, तिला तिच्या आईने दिलेलं. पाणी तापवायला आजोबांचा तांब्याचा हंडा, आणि ज्युनिपर तर घरामागच्या डोंगरावर हवं तेवढं.

"एका वेळी किती लिटर करता?" सिल्येने विचारलं.

"दीडशे. नाताळची असते. वाडीतली सगळी घरं पितात."

"एकटेच करता?"

अन्फिनने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "दोघं करतो," तो म्हणाला. "भाऊ आणि मी."

हे बोलताना त्याला स्वतःलाच कसंसं झालं, कारण दोन नाताळ झाले, दोघांनी मिळून काही केलं नव्हतं. हंडा बिअर करायच्या भट्टीघरात पालथा पडून होता. थोरला भाऊ येटमुंड चर्चजवळच्या वृद्धाश्रमात होता. त्याची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकाला नळी, नळीला प्राणवायूचं यंत्र, आणि त्या यंत्राजवळ जाळ म्हणजे मरणच.

दोघांनीही लग्नं केली नाहीत. एका घरात राहिले, आणि बिअरचं काम लहानपणीच वाटून घेतलं ते तसंच राहिलं. हंडा आणि आग येटमुंडची, पिंप आणि खमीर अन्फिनचं. येटमुंड तिपाईवर बसून दिवसभर लाकडं सारायचा आणि दिवसभर बोलायचा. अख्ख्या वाडीची उणीदुणी त्या धुरात निघायची. अन्फिन गप्प. त्याला बोलायची कधी गरजच पडली नाही. शेवटी पिंपात खमीर पडलं की येटमुंड उठायचा, दार सताड उघडायचा आणि पिंपावर वाकून अशी हाक मारायचा की डोंगरावरची मेंढरं माना वर करायची. त्या खोऱ्यात खमीर असं ओरडूनच घालतात. हाक मिळमिळीत तर बिअरही मिळमिळीत. येटमुंडची हाक सरोवरापलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या तोराच्या अंगणात पोचायची आणि तिकडून तिचं उत्तर यायचं. इतकी वर्षं ते चाललं होतं.

गेल्या दोन वर्षांत अन्फिनला घरात सगळ्यात जास्त उणीव भासली ती त्या हाकेची. वृद्धाश्रमातली नर्स राग्नी त्याला सहज बोलून गेली होती, "आग नको, धूर नको. एवढं सांभाळा आणि दिवसभरासाठी खुशाल घरी न्या त्यांना." तेवढं वाक्य धरून तो घरी आला आणि कोपऱ्यातला पालथा हंडा बघत बराच वेळ बसला. आगीशिवाय पाणी तापलं, तर येटमुंड परत त्या तिपाईवर बसू शकत होता.

सिल्येने पहिला बंब दाखवला तो चकचकीत, पण अंगाने लहान. "हा फोनवरून चालू होतो. तुम्ही कुठेही असा."

"मी घरीच असतो."

दुसरा त्याहून मोठा होता, पण आत डोकावल्यावर तळाला उघडी तार वेटोळं घालून बसलेली. अन्फिनने पोत्यातून एक डहाळी काढून आत खुपसली आणि बाहेर ओढली. अर्ध्या सुया तारेत अडकून राहिल्या.

"अहो, नवा आहे तो!"

"म्हणूनच आत्ता बघतोय. या सुया तारेवर जळणार आणि सगळ्या पाण्याला करपट वास येणार."

"पण पाणी तापवताना झाडपाला घालायचाच कशाला?"

"नुसत्या पाण्याची बिअर कोण पितं?"

सिल्ये हसली आणि त्याला मागच्या कोठारात घेऊन गेली. तिथे एक जाडजूड, बसका बंब उभा होता. लग्नाच्या हॉलवाल्यांनी सूपासाठी मागवला आणि नेलाच नाही. शंभर लिटर मावतील एवढा. तार तळाखाली बंदिस्त, भिंत दुहेरी, तोटी अगदी बुडाशी. अन्फिनने पोतं त्यात रिकामं केलं. सगळ्या डहाळ्या मावल्या.

"याला जोडणी मोठी लागेल," सिल्ये म्हणाली.

"लाकूड कापायच्या करवतीची आहे. आवाज करतो का हा?"

"अजिबात नाही."

"थोडासुद्धा?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने जरा विचार केला. "पाणी तापत आलं की गुणगुणतो थोडं."

"मग हाच द्या," अन्फिन म्हणाला.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याने येटमुंडला गाडीतून आणलं. आदल्या दिवशी चूल झाडून पुसून कोरडी केली होती, लाकडं बाहेर नेली होती. येटमुंड यंत्राची छोटी गाडी ओढत भट्टीघरात आला, तिपाईवर बसला आणि बंबाकडे बघायला लागला.

"मयताला आलेल्या लोकांची कॉफी करायचं भांडं आणलंस होय रे?"

"सूपाचं आहे."

"हंडा कुठाय?"

"तो काय, कोपऱ्यात."

"राखपण ठेवली नाहीस चुलीत."

"राग्नी म्हणाली, काहीच नको."

"हं," येटमुंड म्हणाला.

पाणी तापत राहिलं. ज्युनिपरचा वास पसरला, पूर्वीसारखाच, फक्त धुराशिवाय. एकदा येटमुंड बोलता बोलता उठला, भिंतीकडे गेला आणि रिकाम्या जागेवर हात नेला. तिथे लाकडं असायची. हात तसाच खाली घेऊन तो परत येऊन बसला. त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. अन्फिनने बंबाचं पाणी जवावर सोडलं, बंब परत भरला, तापवला, परत सोडलं. काम कधी नव्हे इतकं सरळ चाललं होतं. अन्फिनला मात्र भट्टीघरात आपण एकटेच असल्यासारखं वाटत होतं.

"शेजारच्या रास्मुसने ट्रॅक्टर परत ओढ्यात घातला म्हणे," त्यानेच शेवटी विषय काढला.

"तू कधीपासून चहाड्या करायला लागलास?"

"कुणीतरी करायला हव्यात ना."

येटमुंडने मान फिरवली. "काळोख व्हायच्या आत मला परत नेऊन सोड."

"खमीर घालायचं राहिलंय."

"ते तूच घालतोस."

"आणि हाक?"

येटमुंडने नाकाची नळी बोटाने सारखी केली. "त्यालाही आण एखादा विजेवरचा बंब."

दुधाच्या कॅनांत भरलेला जवाचा रस निववायला अन्फिन ओढ्याकडे गेला. बर्फाच्या पाण्यात कॅन हलवत उभा असताना खिडकीतून त्याला भाऊ दिसत होता. येटमुंडने एक हात बंबाच्या झाकणावर ठेवला होता, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. दुसऱ्या हाताने तो कोटाची बटणं लावत होता.

कॅन घेऊन अन्फिन आत आला आणि रस पिंपात ओतला. कोपर बुडवून बघितलं. बाळाच्या दुधाइतका कोमट झाला होता. येटमुंड कोट घालून दारापाशी तयार होता.

"चल," तो म्हणाला.

अन्फिनने खमिराची बरणी उघडून पिंपात रिकामी केली. मग भावाला बाजूला सारून दार सताड उघडलं. बाहेर सरोवर काळपट पडलं होतं. ज्याने आयुष्यात मेंढरांवरसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता, तो अन्फिन पिंपावर वाकला आणि ओरडला.

आवाज मध्येच चिरकला आणि पिंपातच विरला.

मागून घरघर ऐकू आली. अन्फिन घाबरून वळला. येटमुंड दाराची चौकट धरून वाकला होता, डोळ्यांत पाणी, खांदे हलत होते. पण तो गुदमरत नव्हता, हसत होता.

"अरे... सापळ्यात कोल्हीण अडकलीय का?" त्याने दम घेतला. "परत मार."

"पुरे झालं."

"काय पुरे? दीडशे लिटर आहे. वरच्या फेसालासुद्धा ऐकू गेलं नाही ते."

तो एक एक पाऊल टाकत पिंपापाशी आला, यंत्र मागून ओढत. अन्फिनच्या पोटावर त्याने पंजा दाबला. तो हात लाकडं सारून सारून राठ झालेला, अजून तसाच होता.

"गळ्यातून नाही. इथून. मी म्हटलं की."

त्याने स्वतःही तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून नुसती हवा आली, पिंपावरची वाफ जराशी हलली. पण त्याच क्षणी त्याने पोटावर जोरात दाब दिला आणि अन्फिनच्या आतून जे बाहेर पडलं ते त्याचं त्यालाच ओळखू आलं नाही. ते दारातून गेलं, ओढ्यावरून गेलं, पाण्यावर पसरलं. मग सगळं शांत झालं. बंबाची गुणगुणही थांबली होती.

दोघं दाराकडे बघत उभे राहिले. येटमुंडचा हात अजून तिथेच होता.

पलीकडच्या काठावरून बारीक, म्हातारा, पण खणखणीत आवाज आला.

"ऐकलं रे, येटमुंड! आलास का घरी?"

अन्फिनने भावाकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने येटमुंडने हात काढला आणि कोटाचं वरचं बटण सोडलं.

"दार लाव," तो म्हणाला. "आणि पिंपावर घोंगडी टाक. गारठेल."

मग तो परत तिपाईवर जाऊन बसला.

"रास्मुसचं काय म्हणत होतास? कुठल्या ओढ्यात?"