दाजींची सुसर

दाजींनी आयुष्यभर आचऱ्याच्या खाडीत होडी चालवली, त्यामुळे पायात काही घालायची त्यांना सवय नव्हती. पण साखर वाढली, टाचेला जखम झाली आणि डॉक्टरांनी अनवाणी फिरायला सक्त मनाई केली. तेव्हा वेंगुर्ल्याला दिलेली लेक, अक्षया, त्यांच्यासाठी हिरव्या रबरी, भोकाभोकांच्या चपला घेऊन आली. याला क्रॉक म्हणतात, ती म्हणाली. दाजींनी अर्थ विचारला. क्रोकोडाइलचं लहान रूप, म्हणजे सुसर, असं तिने सांगितलं.

"मगे सरळ सुसर म्हण," दाजी म्हणाले.

तेव्हापासून घरात तोच शब्द रुळला. सुसर उन्हात ठेवली, सुसर धुतली, सुसर कुत्र्याने पळवली. दाजींच्या बायकोला, काशीबाईंनाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं.

शेजारच्या यशोदाकाकींच्या घरी नुकतीच सून आली होती. समीक्षा तिचं नाव, माहेर नांदगावचं. तिकडे गाड्यांची वर्दळ, इथे कुंपणापलीकडे लगेच खाडी. नवरा कामाला मालवणात जायचा आणि ही दिवसभर गप्प गप्प असायची. सासू वाईट नव्हती, पण दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

एके सकाळी समीक्षा परसात कपडे वाळत घालत होती. दाजी खाडीच्या बाजूला माडांना पाणी लावून पायरीवर टेकले होते. पाय सुजला होता, चपला भिजल्या होत्या, त्यातली एक काही केल्या निघेना. त्यांनी बायकोला हाक मारली.

"अगो, सुसरीन पाय धरल्यान. सोडना नाय."

आतून काशीबाईंचा शांत आवाज आला. "थांबा, पेज उतरून येतंय."

समीक्षाच्या हातातला कपडा खाली पडला. तिने नवऱ्याला फोन लावला, वनखात्याची माणसं पाठव म्हणाली आणि आंबे काढायची लांब काठी उचलून कुंपणातून घुसली. हाताला काटे ओरबाडले तरी ती थांबली नाही. पुढे पाहते तर काशीबाई दाजींचा पाय मांडीवर घेऊन हिरवी चप्पल ओढत होत्या.

सगळं कळल्यावर ती काठी टाकून तिथेच बसली आणि रडायला लागली. काशीबाईंना हसू आवरेना. पण दाजी हसले नाहीत. पोरीचे हात रक्ताळलेले त्यांनी पाहिले.

नवऱ्याला फोन करून नको म्हणेपर्यंत उशीर झाला होता. वनखात्याचे दोघे जाळं घेऊन आलेच. त्यांच्यामागे वाडीतली माणसं आली, यशोदाकाकीही आल्या. समीक्षा मान खाली घालून उभी होती. आपलं हसं होणार, सासूला मान खाली घालावी लागणार, हे तिला दिसत होतं.

दाजी पुढे झाले. पाण्यात काहीतरी मोठं हललं, असं त्यांनी सांगितलं. ओंडकाही असेल, पण सुसर असावी असं वाटून आपणच ओरडलो आणि आपल्या सांगण्यावरून पोरीने फोन केला. कुठे गेली म्हणून विचारल्यावर त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं. वनखात्याच्या दोघांनी थोडा वेळ खाडी पाहिली. असं काही दिसलं तर कळवणंच बरोबर, असं म्हणून ते निघून गेले. यशोदाकाकी मात्र तिथेच थांबल्या. त्यांनी पदराने सुनेचे हात पुसले आणि हळद लावायला घरी नेलं.

संध्याकाळी समीक्षा एकटी आली. माझ्यासाठी खोटं का बोललात, असं तिने दाजींना विचारलं.

"खरी सुसर आसा म्हणानच तू काठी घेवन इलंस," दाजी म्हणाले. "माका तां पुरे."

काशीबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि नांदगावला घरी कोण कोण आहे ते विचारलं. समीक्षा बोलायला लागली. धाकट्या बहिणीबद्दल, रेल्वे फाटकाजवळच्या घराबद्दल, वडिलांच्या तापट स्वभावाबद्दल ती सांगत राहिली. चहा निवला. मग यशोदाकाकी तिला शोधत आल्या आणि त्याही पायरीवर बसल्या. सुनेला इतकं बोलता येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.