गनी मिस्त्री गप्प झाला

अब्दुल गनीच्या जिभेला हाड नव्हतं, आणि हे पांढरकवड्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. नागपूर-हैदराबाद रस्ता बाजाराकडे वळतो तिथे नागोरावचं चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलासमोर कडुनिंबाभोवती बांधलेला दगडी ओटा होता. दिवसभर ट्रकांच्या स्प्रिंगांचे तुटलेले पाटे बदलायचे, संध्याकाळी हातपाय धुवायचे आणि या ओट्यावर चढून बोलायला लागायचं, हा गनी मिस्त्रीचा नेम. बोलावलेलं कुणीच नसायचं. रेशनची साखर कुठे जाते, नालीचं पाणी कुणाच्या आशीर्वादाने रस्त्यावर येतं, निवडणुकीत हात जोडणारे नंतर कुठे गडप होतात, सगळ्यांचा तो नाव घेऊन उद्धार करी. लोक चहा पीत ऐकत आणि मधूनच एखादी काडी टाकत.

त्याचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे वळणावरचा खड्डा. त्या खड्ड्याला आणि तो बुजवायचा सोडून ढेकर देणाऱ्या ठेकेदाराला तो इतक्या शिव्या घाली, की नागोराव गल्ल्यावरून ओरडे, "अरे, त्या गड्ड्यात ट्रक आदळते म्हणून तं तुही चूल पेटते. त्याले कायले शिव्या देऊन राह्यला?"

"माही चूल पेटावी म्हणून लोकायचे कंबरडे मोडू देऊ काय?" गनी म्हणे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

त्याची बायको रहमतबी हे सगळं घरात बसून ऐके. ओट्याजवळच्या गनीच्या दुकानामागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि वारा बरोबर असला की शब्द न् शब्द चुलीपर्यंत येई. भाकरी थंड होते म्हणून ती रोज करवादायची. पण मनातून तिला तो आवाज आला की बरं वाटायचं. आवाज येतोय म्हणजे माणूस धड आहे आणि अर्ध्याएक तासात घरी येतोय, एवढं तिला कळायचं.

पासष्ट सालच्या सप्टेंबरात पाकिस्तानाशी लढाई पेटली आणि नागोरावने रेडिओ आतल्या फळीवरून काढून दारातल्या टेबलावर आणून ठेवला. आख्खं गाव तिथे लोटू लागलं. कालपर्यंत सरकीचे भाव बोलणारी माणसं रणगाड्यांवर बोलू लागली. त्यातच वावडी उठली की झरीच्या जंगलात छत्रीने माणसं उतरली आहेत आणि ती साधूफकिरांच्या वेषात फिरतात. कुणी पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या मेव्हण्याने पाहिलं होतं.

बाजाराच्या दिवशी रहमतबी मिरच्या घेत होती, तेव्हा चार पावलांवर लोकांनी एका फकिराला घेरलं. म्हातारा दरवर्षी यायचा, तिच्याही दारी येऊन गेलेला. त्याची झोळी रस्त्यावर उलटी केली. तांदूळ, कांदे, एक चिलीम आणि फुटका आरसा निघाला. "फकिराले आरसा कायले पाहिजे?" कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्याने त्याच्या कानाखाली वाजवली. पोलीस येऊन त्याला घेऊन गेले म्हणून तो वाचला. संध्याकाळी सोडूनही दिलं. पण रहमतबी मिरच्या तिथेच टाकून जी घरी आली, ती दाराला कडी लावून बसली. मारणाऱ्यांत तिच्या ओळखीचे दोघं होते.

एरवी घरात ती दोघं आपली दखनी बोलत. भांडायचं असलं किंवा भीती वाटली की मात्र दोघांच्याही तोंडी वऱ्हाडीच येई. गनी जेवायला बसल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"माह्या डोक्यावर हात ठेवा," ती म्हणाली. "लढाई सरेपर्यंत त्या ओट्यावर चढनार नाई म्हना."

"मी काय वाईट बोलतो? साखरेचं बोलतो, नालीचं बोलतो."

"तुमी चांगलंच बोलता. पन तुमच्या तोंडून निंगालेलं ऐकनाऱ्याच्या कानात जाऊन काय होईन, हे तुमाले मालूम हाय काय? आज त्या फकिराच्या आरशाचं काय झालं, मी डोयानं पाह्यलं."

गनी तिच्यावर हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं. त्याने उष्टा हात धुतला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून गनी मिस्त्री गप्प झाला. हॉटेलात जाई, कोपऱ्यातल्या बाकावर बसे, बातम्या ऐके, चहा पिई आणि घरी येई. पहिल्यांदा लोकांना गंमत वाटली. "मिस्त्री, दाढ दुखते काय?" कुणी विचारलं. "भाभीनं तोंडाले कुलूप लावलं दिसते," नागोराव म्हणाला आणि सगळे हसले. गनीही हसला, पण बोलला नाही. रहमतबी त्या दिवसांत गाढ झोपली. आपण नवऱ्याला वाचवलं, असं वेड्या बाईला वाटत होतं.

मग हळूहळू हसणं थांबलं. नागोरावची बायको मानीबाई विरजण मागायला आली आणि वाटी हातात घेऊन उगाच उंबऱ्यात घुटमळली. दोघींचं पंधरा वर्षांचं येणंजाणं. मानीबाईची पोरं रहमतबीने न्हाऊमाखू घातलेली.

"रहमतबी, राग नको मानू," ती म्हणाली. "भाऊ काहून बोलत नाई आताशा?"

"काई नाई व. तब्येत बरी नाई त्याईची."

"नाई, म्हन्लं विचारावं. लोकं काईबाई म्हन्ते."

"काय म्हन्ते?"

मानीबाईने वाटीत पाहिलं. "म्हन्ते का एवढा बोलनारा मानूस, अन् आता आपल्या जवानायसाठी एक शबूद नाई निंगून राह्यला तोंडून. पोटात काई दुसरं असन, म्हन्ते. मी नाई म्हनत, माय. मी कायले म्हनू?"

ती गेली आणि रहमतबीने दार लावून घेतलं. नालीवर बोलला असता तर कुणी नालीतून भलतं काढेल, ही तिची भीती होती. न बोलण्यातूनही काढता येतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गावातली शेकडो माणसं काही न बोलता चहा पिऊन घरी जात होती, त्यांच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नव्हतं.

त्या आठवड्यात दुकानासमोर थांबणारे ट्रक पुढच्या मिस्त्रीकडे जाऊ लागले. एका ओळखीच्या ड्रायव्हरने तर गनीला पाहून मान वळवली. दिवेलागणीला टिनावर एक धोंडा पडला. गनी बाहेर गेला तर रस्त्यावर कुणी नव्हतं. तो काही न बोलता आत आला, आणि त्याचं ते न बोलणं आता रहमतबीला सोसवेना.

धोंड्यानंतर आला तो पोलीस. अगदी सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला, रेडिओ आहे का विचारलं, नाही म्हटल्यावरही खाटेखाली वाकून पाहिलं. तिच्या हातचं पाणी मागून प्याला. जाताना म्हणाला, "मिस्त्री बोलत नाई म्हन्ते आजकाल." एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून गेला. तो शिव्या देऊन गेला असता तर रहमतबीला इतकी भीती वाटली नसती.

गनी घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती. "मी शपथ सोडवली," ती म्हणाली. "बोला. आजच जा अन् बोला."

"आता काय बोलू?" गनी खाली बसला. त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्या माणसाला शब्द सापडत नव्हते. "पयले बोललो असतो तं गनी बोलला म्हटलं असतं. आता बोललो तं म्हन्तीन, भेवानं बोलला."

हे आपल्या हाताने झालं, एवढंच तिला समजत होतं, आणि ते समजून काही उपयोग नव्हता.

पुढच्या बाजाराला संध्याकाळी ओट्यावर जवानांसाठी सभा ठरली. ओट्याला पताका लावल्या, नागोरावने रेडिओ बंद केला. गनी जाणारच होता. न जाणं म्हणजे संपलंच. रहमतबी मानीबाईबरोबर बायकांच्या बाजूला उभी राहिली. शाळेचे मास्तर बोलले, कापसाचे एक व्यापारी बोलले. टाळ्या पडत होत्या. आणि मग नागोराव उठून म्हणाला, "आपल्या गनी मिस्त्रीनं बी दोन शबूद बोलावं. हा ओटा त्याचाच हाय."

हे त्याने मायेने म्हटलं की पारखायला, ते रहमतबीला कळेना. सगळ्या माना गनीकडे वळल्या. बाजूला तो सभ्य पोलीस काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

गनी ओट्यावर चढला. रोजचा चढ, पण आज दगडाला पाय अडखळला. कुणी काडी टाकली नाही, कुणी हसलं नाही.

"या आपल्या रस्त्यानं," गनी म्हणाला, "आठ दिवसांपासून लष्कराच्या गाड्या जाऊन राह्यल्या..."

पोलिसाची हनुवटी काठीवरून उठली. मागच्या घोळक्यात कुजबूज झाली. गाड्या आख्ख्या गावाने पाहिल्या होत्या. बायापोरं रस्त्यावर धावत जाऊन हात हलवून आली होती. पण आठ दिवस कुणी मोजले होते? तो कुठे निघालाय हे त्या गर्दीत फक्त रहमतबीला कळलं. तो निघाला होता खड्ड्याकडे. लष्कराच्या गाड्या त्या खड्ड्यात आदळतात, निदान आता तरी तो बुजवा, असं त्याला म्हणायचं होतं. मास्तर हेच म्हणाले असते तर टाळ्या पडल्या असत्या. थांबा, थांबा, असं ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. तिने मानीबाईचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतल्या.

गनीने पोलिसाकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. तो थांबला, आणि ते वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं.

"मी इथचाच आहो," तो म्हणाला. "माहा बाप इथंच गाडला हाय, नाल्यापल्याड. माहा आजा बी. मलेबी इथंच गाडसान."

आवाज बारीक झाला होता. जो आवाज चुलीपर्यंत यायचा, तो आज समोरच्यांना कान देऊन ऐकावा लागला. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. घोषणा झाल्या. नागोरावने त्याला मिठी मारली तेव्हा नागोरावच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरंच होतं. पोलीसही टाळ्या वाजवत होता. रहमतबी तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मानीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी येऊन गनी जेवला. हात धुताना म्हणाला, "गड्ड्याचं राहूनच गेलं."

लढाई संपली. ट्रक परत दुकानासमोर थांबू लागले, मान वळवणारा ड्रायव्हर आपण होऊन चहा पाजून गेला. गनीही ओट्यावर परतला. साखर, नाली, ठेकेदार, सगळे विषय परतले. फक्त सुरुवात बदलली होती. चढला की आधी म्हणायचा, "मी इथचाच आहो, माहा बाप इथंच गाडला हाय," आणि मग साखरेवर यायचा.

"अरे मालूम हाय आमाले, मोहरं बोल," नागोराव म्हणे. लोक हसत. गनीही हसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच सुरू करी. रहमतबी चुलीपाशी ऐके. आवाज पुन्हा घरापर्यंत येऊ लागला होता, पण तो आला की तिला आता बरं वाटत नसे. एकदा तिने विचारलंच, "ते दरवेळी काहून म्हन्ता?"

"काय म्हन्तो?" गनी म्हणाला. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. बायका घागरी ओळीने मांडून तासन् तास बसत. रहमतबी आपला नंबर कुणाच्या बापाला सोडत नसे, ही तिची ख्यातीच होती. त्या दिवशी तिची पाळी आली आणि वणीकडून नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोरगी घाईत आपली घागर घेऊन पुढे झाली. रहमतबी पदर खोचून उठली. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून तिने तोंड उघडलं.

"बाई, आमी इथचेच आहो," ती म्हणाली.

बायका तिच्याकडे पाहू लागल्या. रहमतबीच्या कानावर तिचेच शब्द आले आणि तिने खोचलेला पदर सोडला. "माहा नंबर हाय," हे ती मागाहून म्हणाली, अगदी हळू.

"अवं, कोन नाई म्हन्ते, माय?" मानीबाई म्हणाली.

नव्या पोरीला काहीच उमगलं नाही. "भरा नं, मावशी," म्हणत तिने घागर मागे घेतली. रहमतबीने बादली विहिरीत सोडली. ती भरली, तरी रहमतबी दोर धरून नुसती उभी राहिली. मानीबाईने पलीकडून दोराला हात घातला, आणि दोघी बादली वर ओढू लागल्या.