गाडी पुरी आली पाह्यजे

दौलतरावांना बायकोपेक्षा पिकअपच्या बॉनेटची काळजी जास्त, असं अनसिंगमध्ये सगळेच म्हणत. चंपाबाईही म्हणत. लग्नसराईत भाडं मिळावं म्हणून ते मोबाईलच्या स्टेटसला गाडीचा फोटो ठेवत, पण दुपारचा कधीच नाही. दुपारचं ऊन गाडीला म्हातारी करतं, असं त्यांचं मत. सूर्य तलावाच्या पाळीवर टेकला की गाडीवर बादलीभर पाणी मारायचं आणि मगच फोटो काढायचा.

एकदा त्यांनी मोबाईल चंपाबाईंच्या हातात दिला. "विनोदची माय, आज माहा काढ गाडीसंगं. पाह्य, ऊन बॉनेटवर पडलं पाह्यजे, अन् गाडी पुरी आली पाह्यजे."

चंपाबाईंनी जन्मात फोटो काढला नव्हता. त्यांनी सांगितलं तसं केलं. मागे सरकत सरकत गाडी टायरांसकट बसवली आणि बटन दाबलं. दौलतराव मात्र बाहेरच राहिले. बॉनेटवर ठेवलेला त्यांचा हात तेवढा आला, मनगटावरच्या घड्याळासकट.

"अन् मी कुठी हाव?"

"तुमीच म्हणलं ना, गाडी पुरी पाह्यजे."

ते पोट धरधरून हसले. "बरोबर हाये. माहा उद्या काढ."

तो उद्या राहूनच गेला. पंधरा दिवसांनी मंगरूळपीरच्या स्टँडवर त्यांच्या छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाला हार घालायला फोटो शोधला, तर आधार कार्डावरचा तेवढा सापडला. त्यात ते चोरीत पकडून आणल्यासारखे दिसत. चंपाबाईंना तो माणूस ओळखीचाच वाटेना. त्या रोज मोबाईल उघडून तो हात बघत. त्यांचा नवरा त्या हातात होता.

विनोदची नोकरी अकोल्याला. गाडी चालवणार कोण? त्याने ती विकायला काढली. भर दुपारी काढून त्याने बापाच्याच मोबाईलच्या स्टेटसला टाकलेले फोटो बघून कुणी कुत्रंही विचारायला आलं नाही. चौथ्या दिवशी मात्र सकाळपासून तीन फोन आले.

"तुनं काढलेला टाकला, माय," तो म्हणाला. "काय ऊन धरलं तुनं त्याच्यात."

चंपाबाईंना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्यांनी मोबाईल हातात घेतला.

"हात कुठी हाये?"

"फोटोच्या कोन्ट्यात कोनाचा तरी हात आला होता. गिऱ्हाईकाले कसा दिसते तो? पुसून टाकला. आता मोबाईलातच पुसता येते."

"अन् पयला फोटो?"

"त्याच्यावरच सेव केला. काहून?"

बापाचा हात लेकाला ओळखू आला नव्हता. चंपाबाईंनी फोटो पुन्हा पाहिला. ऊन बॉनेटवर बरोबर पडलं होतं, आणि गाडी पुरी आली होती.