जिभेखालची दहा मिनिटं

पहिलं मिनिट.

गोळी जिभेखाली आहे. आता बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. थुंकीबरोबर पोटात गेली की वाया. जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी मला तोंड उघडायला लावून हे शिकवलं.

शिंदखेड्याला, सासऱ्यांच्या अंगणात, सहा माणसांसमोर मी ती पाकिटातून काढली आणि ठेवली. आई म्हणाली होती, "कुंदन, एसटीतच घेऊन टाक, कुणाला कळू देऊ नको." गर्द मी लपून घेतला. चार वर्षं, सावदा ते दिल्ली, केळीच्या ट्रकवर. आधी जागं राहायला अफू, मग गर्द, शेवटी सुई. औषध लपून घेणार नाही.

अंदाज साधा होता. आमच्याकडे चहा झाल्याशिवाय बैठकीत कुणी विषय काढत नाही. दूध येईल, आधण चढेल, कपबशा विसळतील. तोवर गोळी विरघळेल.

दुसरं.

चहा आलाच नाही.

"पहिले शपथ, मंग च्या," सुकलाल नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे सासरे.

पाच महिने झाले, माझी बायको शीतल आणि मुलगी डिंपल त्यांच्याकडे आहेत. आज त्यांना घरी न्यायला आलोय. नानांनी डिंपलला माझ्यापुढे उभं केलं. पाच वर्षांची. केसांना चपचपीत तेल.

"ठेव हात पोरना डोकावर. म्हन, दारू नही, गर्द नही, ती दवाखानानी गोळीबी नही. मंग लई जा दोन्हीसले."

तिसरं.

"बोल ना!"

(नाना, ही गोळी नशा नाही, हिच्यामुळेच मी—)

"बोलस काबर नही? तोंडमा मूग धरी बठना का?"

माणसं हसली. बैठकीतल्या रोहिदासआबांनी तंबाखूचा बार एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. त्यांना बारासकट बोलता येतं.

"एक नशा सोडी, दुसरी धरी," आबा म्हणाले. "दख, आतेबी तोंडमाच शे."

अजून तिसरंच.

बोलता आलं असतं तर हिलालचं सांगितलं असतं. माझ्याच ट्रकवरचा दुसरा ड्रायव्हर. आम्ही एकाच आठवड्यात केंद्रात गेलो. नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा, हाडं कुणी पिळून काढतंय असं दुखणं. झोप नाहीच. मग ही गोळी मिळाली आणि तासाभरात मला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या. नशा? कसली नशा. ट्रकच्या खालून कुणीतरी ओढून बाहेर काढलं, एवढंच.

हिलालला घरच्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. त्यानं गोळी सोडली. गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी त्यानं एकदाच टोचून घेतलं, पूर्वीइतकंच. अंगाची सवय मोडलेली होती. श्वास थांबला.

गाव म्हणालं, शपथ मोडली म्हणून मेला.

शपथ पाळली म्हणून मेला.

सहावं, किंवा सातवं.

तोंडात लाळ भरलीय. कडू. हनुवटी वर धरून बसलोय, त्याला ते माज म्हणतायत. म्हणू देत.

"पप्पा, तोंडात काय आहे?" डिंपलनं विचारलं.

मी तोंड उघडून जीभ वर केली. तिनं वाकून पाहिलं.

"चॉकलेट?"

मान हलवली. नाही.

"औषध?"

हो.

"दखा, पोरले शिकाडी ऱ्हायना!" नाना उठले. माझं मनगट धरून हात तिच्या डोक्याकडे ओढायला लागले. मी मूठ मिटली. झटकली नाही. फक्त मिटली.

दहा. अकरा. बारा, खात्रीसाठी.

मग बोललो.

"दारू नाही, गर्द नाही, ही शपथ आत्ता घेतो. गोळीची घेणार नाही. गोळी उद्या सकाळी परत घेईन. परवाही."

"तुले लाज शे का?"

"नाना, तुम्ही शुगरची गोळी खाता. तुम्हाला कुणी शपथ घालतं?"

"ती मी मस्ती कराले खास का?"

"मी तरी कुठे?"

रोहिदासआबा थुंकायला बाजूला गेले. बाकीचे नानांकडे बघत राहिले.

"कवलोंग खाशी?" नानांनी विचारलं.

"वर्ष. दोन. कदाचित जास्त. डॉक्टरबाई कमी करतील तशी कमी होईल. बैठकीत ठरेल तशी नाही."

"मंग एकलाच जा."

"जातो. पण खोटी शपथ घेऊन पोर नेणार नाही. आणि खरी घेऊन मरणार नाही."

शीतल दारात येऊन उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. हात पिठाचे. नानांकडे न बघता ती माझ्याशी बोलली.

"आज मी येत नाही. तुमच्यावर अजून भरवसा नाही. मागच्या वेळी माझ्या गळ्यातली पोत गर्दपायी विकलीत तेव्हाही तुम्ही असंच खणखणीत बोलला होता."

मी मान खाली घातली. हे खरं होतं.

"सोमवारी जळगावला येते. त्या डॉक्टरबाईला माझं मला विचारायचंय."

"तू कोठेच जावाव नही," नाना गरजले.

"मी इचारी नही ऱ्हायनू, नाना. सांगी ऱ्हायनू."



"आठला ये," मी तिला म्हणालो. "रांग लवकर लागते."